बंद गिरणीत शाळा भरवायची तर

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले. आम्ही म्हणजे एक वक्ता नव्हे. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, भरवेलीच्या खाणीत उमेद घालवलेले आहेत आणि आजही धानाचा व्यापार करणारे आहेत. त्यामुळे या भाषणात एकाने मांडलेले दुसऱ्याने खोडले, तिसऱ्याने जुळवले, असे झाले आहे. ते गोड मानून घ्यावे.

विषय मात्र साधा आहे. आपल्या भागात बंद पडलेल्या जागांना तोटा नाही. जुन्या राइस मिल आहेत, गुदामे आहेत. २०१५ साली बालाघाट-जबलपूर छोटी लाईन थांबली आणि तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कितीतरी शेडांचे काम संपले. अशा शेडजवळून जाताना कोणीतरी म्हणतेच, "अहो, इथे एखादी शाळा का नाही काढत?" दुसरा म्हणतो, "मंगल कार्यालय काढा, पैसा तरी सुटेल." बहुतेक वेळा दुसऱ्याचेच खरे होते. पहिल्याचे खरे व्हायचे असेल तर काय लागते, याचा आम्ही या पावसाळ्यात थोडा विचार केला.

आपल्या सगळ्यांची जुनी राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत बालाघाटचे कागद तिथेच जात. तिथली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून हे नाव. गिरणी संपल्यावर तिथे मॉल आणि उंच घरे आली. नाव तेवढे 'एम्प्रेस सिटी' म्हणून उरले. आम्हाला मॉलचे वावडे नाही, आमच्या सुनाबाळी तिथे खरेदी करतात. पण त्या गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या सूत ओढलेल्या माणसांचे हातचे ज्ञान कोणत्या इमारतीत गेले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

मुंबईत तर कायदा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जागा विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी ठरवली होती. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभी होती ती हिशेबातून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली ती दुरुस्ती कायम राहिली. एका शब्दाच्या फरकाने लोकांच्या वाट्याची किती जमीन गेली, हे गिरणगावात राहणाऱ्यांनाच विचारावे. यातून आम्ही एवढेच घेतले की जागा रिकामी झाल्यावर मागायला निघालो तर उशीर होतो. मागणाऱ्यांची जमात आधी उभी असावी लागते.

उलट बाजूचे उदाहरणही मराठी माणसाचेच आहे. 'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. सिनेमाची ती कारखान्यासारखीच शिस्तीची जागा होती: सुतारकाम, रंगकाम, प्रयोगशाळा, ध्वनी, सगळे एका आवारात. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली आणि १९६० साली त्याच आवारात केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. ज्या फ्लोअरवर प्रभातचे चित्रपट झाले तिथे पुढे विद्यार्थी दिवे लावू लागले. आमच्या मते ते रुजले याचे कारण असे की इमारतीला तिचा स्वभाव बदलायला कोणी सांगितले नाही. उंच छताच्या दालनाचे तुकडे करून त्यात बाक कोंबले असते तर पुण्यात आणखी एक कॉलेज झाले असते, बस्स.

परदेशातले एक नाव सांगतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात पोम्पेया भागात पिंपे बनवण्याचा एक जुना कारखाना होता. तो पाडून नवे केंद्र बांधायचे घाटत होते. लीना बो बार्दी नावाच्या वास्तुरचनाकार बाई जागा पाहायला गेल्या, तर सुटीच्या दिवशी त्या शेडमध्ये मुले खेळत होती, आया-आज्या बसल्या होत्या. बाईंनी शेड पाडली नाही. १९८२ साली ते केंद्र सुरू झाले: वाचनालय, कार्यशाळा, नाट्यगृह, खाणावळ, सगळे त्याच विटांच्या आत. ती शाळा नव्हे हे खरे. पण लोक आधीच जिथे येत होते तिथेच त्यांना राहू दिले, ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आता माध्यमिक शाळाच का? शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या दारात कायद्याचा हात सुटतो. नेमक्या त्याच वयात मुलगा धानाच्या हंगामात बाहेर कामाला जाऊ लागतो आणि मुलीच्या घरी 'लांबची शाळा' हा विषय निघतो. आपल्यासारख्या घरांत प्रश्न वेगळा. आपण दहावीनंतर मुलांना नागपूरला, जबलपूरला, आता कोटालाही पाठवतो. त्यांतली बरीच मुले परत येत नाहीत. दोन्ही प्रकारची मुले एका वर्गात बसतील अशी शाळा गावात असावी, एवढीच आमची इच्छा.

आणि याबाबत आपला प्रदेश काही मागासलेला नव्हता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, तिथून नई तालीम निघाली: हाताच्या कामातून शिक्षण. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळा आणि शिक्षक चालावेत. बालाघाट त्याच प्रांतात होते. मंत्रिमंडळाने १९३९ साली राजीनामा दिला आणि पुढे ती योजना टिकली नाही. पण गावाने शाळेला नुसती देणगी न देता उत्पन्नाचे साधन द्यावे, ही कल्पना आम्हाला आजही खणखणीत वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव तर सर्वांना माहीत आहे. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४० साली साताऱ्यात 'कमवा आणि शिका' तत्त्वावरचे हायस्कूल. कारखान्यातला माणूस शाळा काढतो तेव्हा ती कशी निघते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. अलीकडचे उदाहरण पाबळचे. पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक-आरोग्य अशा कामांत घालवायचा, आणि ते काम गावाला उपयोगी पडायचे. शिकवणारा गावातलाच कारागीर. परीक्षा बोर्डाचीच. कलबागांनी शाळेला पर्याय काढला नाही, तिच्यातच एक दिवस मिळवला.

आता आपल्या राइस मिलकडे येऊ. तिच्यात काय शिकवता येईल असा प्रश्न आमच्यातल्या व्यापाऱ्याला विचारला, तर तो अर्धा तास थांबलाच नाही. सरकारी भरडाईचा हिशेब असा: १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ द्यायचा, उसना असेल तर ६८. मग उरलेले ३३ किलो गेले कुठे? साधारण २० किलो तूस, आठेक किलो कोंढा, बाकी माती, ओल आणि घट. सातवीच्या शेकडेवारीपासून अकरावीच्या रसायनापर्यंत सगळे या एका पोत्यात आहे. कोंढ्यातून तेल निघते. तूस बॉयलरला जाते, त्याच्या राखेत वाळूतले सिलिका असते. उसना तांदूळ का कमी तुटतो? वाफेने दाण्यातली पिष्ठमय द्रव्ये घट्ट बसतात म्हणून. पट्टा मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर गेला की फेरे किती वाढतात? आणि बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिळवायला कोणते कागद लागतात, कोणाचा हक्क असतो, हा नागरिकशास्त्राचा धडा. हे शिकवायला पुस्तक नको. तीस वर्षे हलर चालवलेला मिस्त्री हवा, आणि तो जिवंत असेपर्यंतच हवा.

इथे आमच्यातल्या शिक्षिकांनी आम्हा सगळ्यांना थांबवले. मुले आत न्यायच्या आधी शेड तपासा, त्या म्हणाल्या. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले गेली. स्वयंपाकघरातून ज्वाला गवती छपरावर गेल्या, बाहेर पडायची वाट अरुंद होती. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला आणि शाळांना अग्निसुरक्षा बंधनकारक केली. गिरणीच्या शेडला माल आत-बाहेर करायला एक मोठे दार असते. दोनशे मुले बाहेर काढायला ते पुरत नाही, दुसऱ्या बाजूने भिंत फोडावी लागते. छतावरचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर त्यांना कोणी ड्रिल लावू नये, फोडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात. माहीतगार माणसाकडूनच उतरवावेत. जिथे मँगनीजचा साठा होता तिथली माती आणि भिंतीवरची धूळ प्रयोगशाळेत पाठवावी. मँगनीजच्या धुळीने मजुरांची चाल बिघडते, अंग थरथरते, हे १८३७ सालीच स्कॉटलंडमध्ये नोंदले गेले आहे. आमच्यातल्या खाणवाल्यांना हे सांगावे लागले नाही. मग उरतो टिनाचा आवाज. आषाढात टिनाखाली गणित शिकवून पाहा! आतून छत घातल्याशिवाय तिथे शब्द ऐकू येणार नाही, आणि मे महिन्यात बसवणार नाही. हा खर्च 'फुकट मिळालेल्या' शेडच्या हिशेबात कोणी धरत नाही.

आता मंडळातला खरा मतभेद, तो झाकून काय उपयोग? काही घरे म्हणतात, "आम्ही मुलांना फिटर करायला शाळा काढायची का?" त्यांचा राग आम्हाला समजतो. आपल्या आजोबांनी नोकरीसाठी, शिक्षणासाठी इकडे घरे केली, पोरांना कारकुनी-मास्तरकीपर्यंत पोचवले. त्या पिढीला हाताच्या कामातून सुटायचे होते. पण पाबळचे मूलही बोर्डाचीच परीक्षा देते, आणि इंजिनीअर होऊन आलेल्या आपल्या कितीजणांनी पाना हातात धरला आहे? दुसरा वाद भाषेचा. मराठी माध्यम की इंग्रजी? आमच्यात एकमत नाही. एवढे मात्र सर्वांना पटले की संध्याकाळी शेडचे दार उघडे राहिले, तिथे वाचनालय, भजन, तालीम, नाटकाची तयारी चालू राहिली, तर मराठी कानावर पडतच राहील, आणि हिंदी, पोवारी, गोंडी बोलणारी मुलेही ती ऐकतील. पाच वाजता कुलूप लागणारी शाळा कोणत्याही माध्यमाची काढली तरी ती आपली होणार नाही.

म्हणून आमची सूचना लहान आहे. शेडसाठी अर्ज या वर्षी करू नये. विसर्जनानंतर मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवतो आहोत. ज्यांना लेथ, वेल्डिंग, मोटर वाइंडिंग, बॉयलर, हलर, सुतारकाम, शिवण, रोपवाटिका, खाणीतले सर्वेक्षण यांतले काही येते, त्यांनी नाव, वय आणि आठवड्यातली कोणती संध्याकाळ मोकळी असते ते लिहावे. खाणीतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना, मिलमधल्या हमालांना, त्यांच्या घरच्या बायांनाही सांगावे. ते मराठी नसले तरी चालेल. तीस नावे झाली की दिवाळीनंतर मंडळाच्याच सभागृहात शनिवारी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांसाठी काम सुरू करू. मुलांनी पहिले काम म्हणून या मंडपाची वायरिंग तपासावी, असे आमच्या वायरमन सदस्याने सुचवले आहे, आणि त्याने स्वतःचे नाव वहीत पहिले लिहिले आहे.