चाहत्यांचें सौजन्य



एखादा गायक, एखादा नट, एखादा खेळाडू आपणांस मनापासून आवडतो, आणि तोच ज्यांना आवडतो अशीं चार माणसें भेटलीं कीं आपलें गोत सांपडल्याचा आनंद होतो. या आनंदांत वाईट असें कांहींच नाहीं. ज्याच्याकडून आपणांस नोकरी मिळावयाची नाहीं, पैसा मिळावयाचा नाहीं, जो आपलें नांवहि जाणत नाहीं, त्याच्या यशानें आपण हर्षून जावें, हें मनाच्या मोठेपणाचेंच लक्षण म्हटलें पाहिजे. असें असतांना हीच आवड पुष्कळदां इतकी कडवट कां होते, आपल्या आवडत्याचें कौतुक करण्यास निघालेला मनुष्य दुसऱ्या कोणाची तरी विटंबना करून घरीं कां परततो, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावा असें मीं योजिलें आहे.

हा प्रश्न आपल्याकडे कांहीं आजचा नाहीं. संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळांत महाराष्ट्रानें तो चांगलाच अनुभविला. एका बाजूस बालगंधर्वांची १९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी, तर दुसऱ्या बाजूस केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालीं हुबळीस स्थापन केलेली ललितकलादर्श. एकाचा गळा लडिवाळ, दुसऱ्याचा तडफेचा. एक स्त्रीवेषांत प्रेक्षकांना मोहून टाकी, दुसरा आपल्या पल्लेदार आवाजानें थिएटर दणाणून सोडी. दोघांचेहि अभिमानी कडवे होते, आणि एकाची थोरवी गावयाची म्हणजे दुसऱ्याला उणें लेखावयाचें, ही रीत तेव्हांहि होतीच.

परंतु ज्यांच्या नांवानें हे पक्ष पडले होते ते दोघे मात्र एका रंगमंचावर आले. लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभारला जात होता. त्याच्या साहाय्यार्थ १९२१ च्या ८ जुलैस मुंबईंत बालीवाला थिएटरांत 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले. तिकिटाचा दर १०० रुपयांपर्यंत चढला, तरीहि थिएटर भरून गेलें. त्या रात्रीच्या गाण्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मला त्याहून वेगळ्याच एका गोष्टीचें महत्त्व वाटतें. त्या रात्रीं केशवरावांच्या अभिमान्याला बालगंधर्व ऐकल्यावांचून केशवराव ऐकतां येत नव्हते, आणि बालगंधर्वांच्या अभिमान्याला केशवरावांवांचून बालगंधर्व मिळत नव्हते. दोन्ही पक्षांना एका छपराखालीं, एका रांगेंत बसावें लागलें. योगायोग असा कीं, खाडिलकरांच्या त्या नाटकाचा विषयहि हाच आहे. भामिनी धैर्यधराला झिडकारते ती त्याची योग्यता पाहण्यापूर्वीं, केवळ तो निर्धन म्हणून. पुढें वनमालेच्या वेषांत ती त्याला जवळून पाहते, आणि तिचें मन पालटतें. दुरून अपमान करणें सोपें असतें. जवळ गेल्यावर तें तितकें सोपें राहत नाहीं.

त्या प्रयोगाला तीन महिने होतात न होतात तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, विषमज्वरानें केशवराव वारले. वय अवघें ३१ वर्षांचें. 'कोण श्रेष्ठ' हा वाद तेथें एकाएकीं निरर्थक झाला. ज्यांनीं आदल्या वर्षीं केशवरावांना हिणविलें असेल, त्यांना त्या दिवशीं काय वाटलें असेल, हें मला सांगतां यावयाचें नाहीं. मात्र तसें वाटणें म्हणजे काय, हें मी थोडेंफार जाणतों.

पन्नासएक वर्षांपूर्वीं, कॉलेजांत असतांना, आम्हां सात-आठ जणांचा एक कंपू होता. एका घराण्याच्या गायकीवर आमची निष्ठा होती, आणि निष्ठा म्हणजे इतर घराण्यांना नाकें मुरडणें, असा आमचा अगदीं प्रामाणिक समज होता. एकदां गणेशोत्सवांत दुसऱ्या घराण्याचा एक तरुण गायक आमच्या पेठेंत गावयास आला. वयानें तो आमच्याहून फार तर तीन-चार वर्षांनीं मोठा असेल. तार षड्जाकडे जातांना त्याचा आवाज किंचित् थरथरला, आणि आम्ही सारे ठरवून एकदम खोकलों. तो पुन्हां त्या सुराकडे निघाला; आम्ही पुन्हां खोकलों. तिसऱ्या वेळीं तो तिकडे गेलाच नाहीं. ख्याल आटोपता घेऊन त्यानें एक भजन म्हटलें आणि बैठक संपविली. मी वहाणा शोधीत मांडवामागें गेलों, तों तो एकटाच तंबोऱ्याला गवसणी घालीत बसला होता. त्यानें मला ओळखलें. म्हणाला, "आपण पहिल्या रांगेंत होतां. जाणकार दिसतां. तार षड्जावर माझें काय चुकत होतें, तें सांगाल का?" आमच्या खोकल्याचा अर्थ त्याला कळलाच नव्हता. दोष आपल्याच गळ्याचा, असें तो समजत होता. मी कांहींतरी पुटपुटलों आणि तेथून निघून आलों.

ही गोष्ट मीं आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाहीं. आज सांगण्याचें कारण असें कीं, गर्दींत बसून केलेला अपराध आपला एकट्याचा वाटत नाहीं, हें मला तेव्हांपासून पक्कें कळलें आहे. आठ जण खोकले, म्हणून माझा खोकला आठवा हिस्सा होत नाहीं.

क्रिकेटच्या मैदानावर तर हे आठांचे चाळीस हजार होतात. कलकत्त्यास ईडन गार्डनवर १३ मार्च १९९६ रोजीं विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत भारताचा डाव ८ बाद १२० असा कोसळला, तेव्हां प्रेक्षकांनीं मैदानांत बाटल्या फेंकल्या, बसण्याच्या जागांना आगी लावल्या. अखेर सामना तेथेंच थांबवून श्रीलंकेस विजयी ठरवावें लागलें. आपल्या संघावरील प्रेमापोटींच हें सारें घडलें, असें त्या लोकांनीं शपथेवर सांगितलें असतें. परंतु प्रेमाला दुसरीहि वाट असते. १९९९ च्या ३१ जानेवारीस चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारताला पाकिस्तानविरुद्ध जिंकण्यास २७१ धावा हव्या होत्या. पाठीच्या वेदना सोशीत सचिन तेंडुलकर १३६ धावा काढून बाद झाले, तेव्हां केवळ १७ धावा उरल्या होत्या. त्या कांहीं निघाल्या नाहींत; १२ धावांनीं पराभव झाला. क्षणभर मैदान स्तब्ध होतें. मग लोक उभे राहिले आणि त्यांनीं जिंकणाऱ्यांसाठीं टाळ्या वाजविल्या. पाकिस्तानच्या खेळाडूंनीं त्या टाळ्यांत मैदानाला फेरी घातली. चेन्नईकरांचें तेंडुलकरांवरील प्रेम त्या दिवशीं रतिभरहि कमी झालेलें नव्हतें.

आपल्या मुंबईचीहि एक आठवण सांगितली पाहिजे, कारण ती ताजी आहे. २०२३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या आय्.पी.एल्. संघाचें नेतृत्व रोहित शर्मांकडून काढून हार्दिक पंड्यांकडे देण्यांत आलें. रोहितच्या नेतृत्वाखालीं संघानें पांच वेळां विजेतेपद मिळविलेलें. लोकांना वाईट वाटणें स्वाभाविक होतें. परंतु १ एप्रिल २०२४ रोजीं पंड्या वानखेडे मैदानावर नाणेफेकीस आले, तेव्हां स्वतःच्याच शहराच्या कर्णधाराची त्या शहरानें हुर्यो केली. ती इतकी कीं, तेथें निवेदन करणाऱ्या संजय मांजरेकरांना, म्हणजे मुंबईच्याच एका जुन्या फलंदाजाला, लोकांना नीट वागावयास सांगावें लागलें. पुढें २९ जूनला बार्बाडोसमध्यें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतील शेवटचें षटक याच पंड्यांनीं टाकलें. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. भारत ७ धावांनीं जिंकला. ४ जुलैस विजयी संघ त्याच वानखेडेवर आला, आणि त्याच कठड्यांमागून पंड्यांच्या नांवाचा जयघोष झाला.

वृत्तपत्रांनीं याला मनःपरिवर्तन म्हटलें. मला तसें म्हणण्याचा धीर होत नाहीं. यश मिळाल्यावर जो मान दिला जातो तो यशाला दिलेला मान होय. सौजन्याची वेळ १ एप्रिलची होती, ४ जुलैची नव्हे. पंड्यांनीं तें शेवटचें षटक वाईट टाकलें असतें, तर ते त्या हुर्योला पात्र ठरले असते काय?

या बाबतींत खेळाडूच कधीं कधीं चाहत्यांहून पुढें असतात. २०१९ च्या ९ जूनला लंडनच्या ओव्हल मैदानावर आपले कांहीं प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची चेष्टा करीत होते. चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणांत स्मिथ दोषी ठरला होता, हें खरें. परंतु एक वर्षाची बंदी भोगून तो परत आलेला होता. फलंदाजी करीत असलेले विराट कोहली त्या प्रेक्षकांकडे वळले आणि चेष्टा नको, टाळ्या वाजवा, असें त्यांनीं खुणेनें सुचविलें. एका खुणेचें हें काम. तेवढीच खूण आम्हां आठांपैकीं एकानें त्या रात्रीं केली असती, तर पुरे झालें असतें.

आतां तर मैदानावर जाण्याचीहि गरज उरलेली नाहीं. पूर्वीं एखाद्या नटाला शिव्या द्यावयाच्या म्हटलें तरी पाकीट आणावें लागे, पत्ता शोधावा लागे, पत्रपेटीपर्यंत चालत जावें लागे. आणि तेवढ्या चालण्यानें निम्मा राग उतरे. आज आंगठा हलला कीं काम झालें. शिवाय मैदानांतील आरोळी गर्दींत विरून जाते, परंतु हा मजकूर त्या माणसाच्या उशाशीं जाऊन पडतो, आणि एकेक करून वाचला जातो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजीं दुबईंत पाकिस्तानकडून भारताचा १० गडी राखून पराभव झाला. त्या रात्रीं महंमद शमींवर अशाच मजकुराचा भडिमार झाला, आणि त्यांत त्यांचा धर्महि ओढण्यांत आला. ११ जण हरले होते. शिव्या एकाला निवडून दिल्या गेल्या. तेंडुलकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, कर्णधार कोहलींनीं उघडपणें त्यांची बाजू घेतली. ज्यांनीं तें लिहिलें ते स्वतःला त्याच संघाचे चाहते म्हणवीत होते, ही त्यांतील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

यावर कोणी म्हणेल, मग आम्हीं टीका करूंच नये काय? बेसूर गाण्याला सुरेल म्हणावें, सुटलेल्या झेलाला टाळ्या द्याव्यात? नाहीं, टीका अवश्य करावी. रसिकतेंत पारख असावयाचीच. परंतु सुरावर टीका करावी, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर करूं नये. झेलाविषयीं बोलावें, झेल सोडणाऱ्याची जात, धर्म, बायको व मुलें यांविषयीं बोलूं नये. जें त्या माणसाला समोर बसवून म्हणतां येईल तें खुशाल लिहावें. समोर म्हणतां येणार नाहीं असें जें असेल, तें लिहूंहि नये. आणि अगदीं राहवलेंच नाहीं, तर लिहून ठेवावें व एक रात्र जाऊं द्यावी. सकाळीं तें पाठविण्याजोगें वाटलें तर पाठवावें. बहुधा वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट घरच्या वडील माणसांनीं आणि चाहत्यांच्या मंडळांत जुन्या असलेल्यांनीं ध्यानीं धरण्याजोगी आहे. अशा मंडळांत एखादा नवा मुलगा येतो, भाबडा प्रश्न विचारतो, तेव्हां "एवढेंहि ठाऊक नाहीं?" म्हणून त्याला हंसावयाचें, कीं जवळ बसवून सांगावयाचें, यावर त्या मंडळाचें वळण ठरतें. ज्याला हंसलें गेलें तो पुढें दुसऱ्याला हंसतो. ज्याला सांगितलें गेलें तो पुढें सांगतो. शिव्या देणारे कोठेंहि थोडेच असतात. परंतु बाकीचे सभ्य लोक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ संमति असा होतो. "हें आपल्याला शोभत नाहीं" एवढें एक वाक्य वेळेवर कोणी उच्चारलें, तरी पुष्कळांना शुद्ध येते. तें उच्चारणारा माणूस आपणच व्हावें, अशी माझी आपणां सर्वांस विनंती आहे.

तो तरुण गायक पुढें बरींच वर्षें गात राहिला. मीं त्याच्या दोन बैठकी ऐकल्या, दोन्ही वेळां शेवटच्या रांगेंत बसून. तार षड्ज त्याला उत्तम लागत होता. त्याला भेटण्याचें धैर्य मात्र मला झालें नाहीं. आज तो कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. कदाचित् ऐकतहि असेल. असेल तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर उशिरां कां होईना, पण देतों: महाराज, त्या रात्रीं आपलें कांहींच चुकत नव्हतें. चुकत होतें तें पहिल्या रांगेंत.