लिबरल झालास का रे?

(नाशिक येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या सत्रानंतर चहाच्या वेळी एका मुलानं मला त्याचा मोबाईल दाखवला. त्याच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं लिहिलं होतं की निकाहनाम्यात मुलीच्या अटीही लिहून घ्यायला हव्यात. त्याखाली त्याच्या चाचांचं एका ओळीचं उत्तर होतं, "लिबरल झालास का रे?" आणि त्याखाली हसणारे चेहरे. तो मला म्हणाला, "सर, मला राग आला. पण खरं सांगू? लिबरल म्हणजे नेमकं काय, हे मलाही सांगता आलं नसतं."

आज मी जे भाषण तयार करून आणलं होतं ते बाजूला ठेवतो आणि या मुलाच्या प्रश्नावर बोलतो. लिबरल म्हणजे काय? आणि चाचांना उत्तर द्यायचं ते कसं?

मराठीत आपण उदारमतवादी म्हणतो. उदार म्हटलं की दानधर्म आठवतो, मोठं मन आठवतं. राजकारणातला उदारमतवाद थोडा वेगळा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात चार गोष्टी येतात.

पहिली. हक्क माणसाचे असतात. जमातीला, जातीला, खानदानाला मान असावा, पण त्या मानापायी एखाद्या मुलीचं शिक्षण किंवा एखाद्या मुलाची निवड कुर्बान करता येत नाही.

दुसरी. श्रद्धा ज्याची त्याची. कुणाला नमाज पढण्यापासून अडवायचं नाही आणि कुणाला जबरदस्तीनं पढायलाही लावायचं नाही. संविधानाच्या 25व्या कलमानं सदसद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य दिलं आहे. ते देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांची मर्यादाही घातली आहे. कलमाचे हे दोन्ही भाग वाचा. आपल्यातले काही पहिला भागच वाचतात आणि आपले विरोधक दुसराच.

तिसरी. कायद्यापुढे सगळे सारखे, आणि सरकारच्या ताकदीला लगाम हवा. मग सरकार आपल्या आवडीचं असो वा नावडीचं.

चौथी. माझं चुकू शकतं. म्हणून समोरच्याला बोलू द्यायचं. ही चौथी गोष्ट आपण फार लवकर विसरतो.

आता लिबरल म्हणजे काय नाही, तेही सांगतो. लिबरल म्हणजे दीन सोडलेला माणूस नव्हे. पाच वक्ताचा नमाजी लिबरल असू शकतो, आणि कधी मशिदीची पायरी न चढलेला माणूस घरात हुकूमशहा असू शकतो. जीन्स घातली म्हणून कुणी लिबरल होत नाही आणि बुरखा घातला म्हणून कुणी मागास ठरत नाही. सरकारनं मुसलमानांच्या बाबतीत काहीही केलं की टाळ्या वाजवणारा, तोही लिबरल नव्हे.

तिहेरी तलाकचं उदाहरण घ्या. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं, तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं, एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. शायरा बानो नावाच्या एका बाईच्या अर्जानं हे प्रकरण न्यायालयात गेलं होतं. मी त्या निकालाचं स्वागत केलं. पुढे 2019 साली कायदा आला, त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याबद्दल मला शंका आहे. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार? इतर धर्माचा नवरा बायकोला टाकून गेला तर त्याला अशी कैद नाही, मग इथेच का? निकालाला हो म्हणणं आणि कायद्यावर सवाल करणं, या दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून येतात.

हिजाबचंही तसंच. कर्नाटकातल्या मुलींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. इराणमधल्या मुली त्याच दिवसांत सक्तीच्या हिजाबविरुद्ध रस्त्यावर होत्या. काहींना यात गोंधळ वाटला. मला वाटला नाही. उडुपीच्या मुलीला डोकं झाकायचं आहे आणि तेहरानच्या मुलीला झाकायचं नाही. दोघींच्या डोक्यावरचा निर्णय दोघींचा.

आता चाचांकडे येऊ. त्यांना उत्तर देण्याआधी त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. मी प्रयत्न करतो.

चाचा म्हणतील, "बेटा, ही रीत आम्ही काल बनवलेली नाही. पिढ्यान् पिढ्या हिनं घरं सांभाळली. म्हाताऱ्यांना कुणी वृद्धाश्रमात टाकलं नाही. गरिबाच्या मयताला चारशे माणसं गोळा होतात, ती याच जमातीमुळे. आणि आज दिवस कसे आहेत ते बघ. भाड्यानं घर मागायला गेलास तर नाव ऐकून नाही म्हणतात. बाहेरून दगड येत असताना तू घराचीच भिंत का उकरतोस? तू जे बोलतोस ते उद्या टीव्हीवर आपल्याच विरोधात वापरतील."

हे म्हणणं मूर्खपणाचं आहे का? अजिबात नाही. यातलं अर्धं खरं आहे आणि बाकीच्या अर्ध्यामागे भीती आहे. भीतीला अडाणीपणा म्हणून उत्तर देता येत नाही.

तरीही मी चाचांना दोन गोष्टी सांगेन. पहिली, भिंतीच्या आत कुणी गुदमरत असेल तर खिडकी पाडावीच लागते. बाहेर दगड आहेत म्हणून आतल्या बाईनं किती वर्षं थांबायचं? 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला, त्यात सात मुस्लीम बायका होत्या. फक्त सात. तोंडी तलाक बंद करा ही त्यांची एक मागणी होती. त्याही वेळी "ही वेळ नव्हे" असंच म्हटलं गेलं. 1966 ते 2017, एक्कावन्न वर्षं. योग्य वेळ आपणहून येत नाही.

दुसरी, आपण बोललो नाही तर आपल्या वतीनं दुसरे बोलतात. आपल्या बहिणींचा प्रश्न आपण मांडला नाही, म्हणून तो आपल्याबद्दल कळवळा नसलेल्यांच्या हातात गेला.

दलवाईंचं नाव घेतलं की आजही आपल्या घरांत चेहरे बदलतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नाव घेतलं ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून. 3 मे 1977 रोजी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. मुस्लीम जमातवादावर त्यांनी लिहिलं तसं हिंदू जमातवादावरही लिहिलं, पण दोन्हीकडच्यांनी आपापल्या सोयीचं अर्धंच लक्षात ठेवलं. आपलं दफन न करता दहन करावं, ही त्यांची इच्छा होती. तिनं अनेकजण दुखावले. मला विचाराल तर तो त्यांचा हक्क होता. पण त्यांची प्रत्येक गोष्ट मान्य असल्याशिवाय तुम्ही सुधारक होत नाही, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. दलवाईंशीही मतभेद ठेवता येतो. त्यांच्या मागे मेहरुन्निसाभाभींनी मंडळाचं काम सुरू ठेवलं. तलाकपीडित बाईला आधी कुणीतरी आपलं ऐकणारं हवं असतं, भाषण नंतर, हे मी या कामातून शिकलो.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असा तुमचा समज होणार नाही.

माझ्या मामूंची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला पुण्याला फार्मसीला जायचं होतं. मामूंनी नाही म्हटलं. मी तेव्हा तुमच्याएवढा होतो आणि नुकतीच पुस्तकं वाचू लागलो होतो. ईदच्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी हातात असताना, सगळ्या पाहुण्यांसमोर मी मामूंना म्हणालो, "तुमच्यासारख्या लोकांमुळेच कौम मागे राहिली." मामू काही बोलले नाहीत. वाटी खाली ठेवून उठून गेले. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. मी स्वतःला शूर समजत होतो. या आठ महिन्यांत ती मुलगी घरी बसून होती. माझ्या शौर्याची किंमत तिनं मोजली.

शेवटी अम्मीनं मला मामूंकडे पाठवलं. मी माफी मागितली. माझ्या मताची नाही, बोलण्याच्या रीतीची. आणि पहिल्यांदा विचारलं, "मामू, तुम्हाला नक्की काळजी कशाची वाटते?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हॉस्टेलचे पैसे नाहीत रे. आणि पोरीला तिथं काही झालं तर मी एका रात्रीत पुण्याला कसा पोचू?" म्हणजे आठ महिने मी ज्या परंपरेशी लढत होतो ती तिथं नव्हतीच. एका बापाची ऐपत होती आणि धास्ती होती. ती पुण्याला गेली नाही, नाशिकच्याच कॉलेजात गेली. तिला हवं होतं ते पूर्ण मिळालं नाही, आणि गेलेलं वर्ष तर परत आलंच नाही. आज ती औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते आणि मामू शेजाऱ्यांना तिचा पत्ता सांगत असतात.

यातून मी काही नियम शिकलो. चारचौघांत बुजुर्गांना हरवायला जाऊ नका. एकट्यानं बसून बोला. आधी विचारा, मग सांगा. त्यांच्या म्हणण्यातलं खरं आहे ते मोठ्यानं मान्य करा. आणि शक्य असेल तिथं त्यांच्याच परंपरेतला दाखला द्या. निकाहनाम्यातल्या अटींचंच घ्या. आपल्या फिकहमध्ये तलाक-ए-तफवीज आहे, म्हणजे नवऱ्यानं तलाकचा अधिकार बायकोला सोपवणं. ही काही इंग्रजांची देणगी नव्हे. हनफी, शाफई, मालिकी, हंबली असे चार मजहब शेकडो वर्षं मतभेद ठेवून एकमेकांच्या मागे नमाज पढत आले. इख्तिलाफचे आदाब ही आपलीच चीज आहे. चाचांना हे सांगा. पण सांगण्याआधी स्वतः नीट वाचा, नाहीतर मौलानासाहेब दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करतील, आणि तेव्हा चूक त्यांची नसेल.

पण अदब म्हणजे शरणागती नव्हे. आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. निफाडला 1842 साली महादेव गोविंद रानडे जन्मले, पुढे महाराष्ट्रातल्या उदारमतवाद्यांचे अग्रणी झाले, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते झाले. 1873 साली त्यांची पत्नी वारली. वडिलांना भीती वाटली की हा आता विधवेशी लग्न करील. त्यांनी घाईनं दुसरी मुलगी ठरवली. ती अकरा वर्षांची होती. एकतिशीतल्या रानड्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं आणि रमाबाईंनी मोठं काम केलं. पण आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारलं, तुमचा सुधारणावाद तेव्हा कुठे गेला होता? वडिलांचा मान राखणं चांगलं. पण त्या मानाची किंमत अकरा वर्षांच्या मुलीनं का द्यावी?

आणि समोरचा ऐकतच नसेल तर? त्याचंही उत्तर नाशिकमध्येच आहे. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथं चालवला. दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले, तरी माणसं शिस्तीनं पुन्हा पुन्हा येत राहिली. वर्षानुवर्षं. सनातन्यांचं मन वळलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मी यातून असं समजतो की समजावण्याची शिकस्त करायची, पण माणसाचा हक्क समोरच्याच्या होकारावर टांगून ठेवायचा नाही. घरात कुणाला मारहाण होत असेल, पोरीचं जबरदस्तीनं लग्न लावत असतील, तर तिथं चर्चासत्र भरवू नका. तिथं कायद्याची मदत घ्या.

शेवटी एक. परंपरावादी फक्त आपल्या मोहल्ल्यात नाहीत. तुमच्या वर्गात, ऑफिसात असे मित्र असतील जे तुम्हाला म्हणतात, "तू चांगला आहेस, पण तुमचे लोक..." तिथंही हेच नियम. त्याची भीती विचारा, त्याचं खरं असेल ते मान्य करा, आणि जे खोटं आहे ते आवाज न चढवता खोटं म्हणा. आणि स्वतःला एक प्रश्न रोज विचारा. मी भद्रकालीत जो हक्क मागतो, तो पंचवटीतल्या माणसालाही देतो का? आणि बाहेर जो हक्क मागतो, तो घरात माझ्या बहिणीला देतो का?

ज्या मुलानं सकाळी मोबाईल दाखवला, त्याला माझा सल्ला असा. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. रविवारी चाचांकडे जा, चहा घे, आणि म्हण, "हो चाचा, झालोय बहुतेक. म्हणजे काय ते सांगू का? पण आधी तुमचं ऐकतो." आणि खरंच ऐक.

आता तुमचे प्रश्न घेऊ. माझ्याशी मतभेद असलेल्यांनी आधी हात वर करावा.