ओटीवरचे वाचन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण यंदा मे महिन्यात आमच्या ओटीवर जे वाचन झाले, त्याबद्दल चार शब्द सांगावेत असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

मंडळाच्या पुस्तकपेटीतून मी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीचा मराठी अनुवाद नेला. मूळ कादंबरी १८६९-७० साली मुलामाणसांसाठी निघणाऱ्या एका मासिकात क्रमशः आली होती. आळीतली मुले दुपारी उन्हात उंडारू नयेत, एवढाच माझा हेतू. मोठ्याने वाचायचा सराव नव्हता; जोडाक्षराला अडखळले की मुले हसत. चार दिवसांनी ते हसणे थांबले. मग बायकाही निवडायचे तांदूळ ताटात घेऊन येऊ लागल्या.

कॅप्टन नेमो हा जगाशी नाते तोडून नॉटिलस नावाच्या पाणबुडीत राहतो. तिथे स्वयंपाक विजेवर, न्हाणीघरात गरम पाणी, साखरसुद्धा समुद्रातल्या वनस्पतीची! हे ऐकून बायका खूष. पण बोटीवर बाईमाणूस एकही नाही. “मग भांडी कोण घासतं गं?” असे आमच्या आत्याबाईंनी विचारले. पुस्तकात उत्तर नाही. म्हाकुळासारख्या राक्षसी प्राण्यांशी झुंज आली तेव्हा मोठी मुले श्वास रोखून बसली, आणि एक चिमुरडा म्हणाला, “म्हाकूळ तर आपण कालवणात खातो.”

सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क धावून येतो, तेव्हा नेमो स्वतः सुरा घेऊन मध्ये पडतो आणि वर त्या गरिबाला मोत्यांची पिशवी देतो. त्या दिवशी टाळ्या पडल्या. नेमो सगळ्यांचा लाडका झाला.

आणि शेवटी शेवटी तोच नेमो एक लढाऊ जहाज माणसांसकट बुडवतो.

शेजारच्या वहिनींचे यजमान मालवाहू बोटीवर खलाशी आहेत. वर्षातले सात-आठ महिने घरी नसतात. वहिनींनी ताट खाली ठेवले. “त्या खलाशांच्या घरी कोण होतं, ते नाही का लिहिलं?” एवढेच बोलून त्या उठून गेल्या. मी पुस्तक मिटले. खरे सांगते, ते पान गाळावे असे सकाळी माझ्या मनात आले होते. वाचले ते चुकले की काय, असे रात्रभर वाटत राहिले. माझा तेरा वर्षांचा मुलगा मात्र नेमोच्या बाजूने भांडला. “त्याची बायकामुलं त्यांनी मारली होती ना, आई?” घरात तीन दिवस हाच वाद.

चौथ्या दिवशी वहिनी आल्या. बायको आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे नेमो गुडघे टेकून हुंदके देतो, ते मी वाचले. वहिनी म्हणाल्या, “एवढं कळत होतं, तर—” आणि थांबल्या.

पुढे वाचनालयात चौकशी केली तेव्हा समजले, की लेखकाच्या मनातला नेमो आधी पोलंडचा सरदार होता. पण पुस्तक रशियात खपायचे नाही, या धास्तीने प्रकाशकाने अडवले. म्हणून या कादंबरीत त्याचा देश उघड केलाच नाही. पुढे १८७५ साली पुरी झालेल्या गूढ बेटाच्या कादंबरीत लेखकाने त्याला बुंदेलखंडचा राजपुत्र केले, १८५७ च्या बंडात लढलेला, घरदार गमावलेला. ओटीवर हे सांगितले तेव्हा मुले नाचली. माझा मुलगा वहिनींकडे जिंकल्यासारखा बघू लागला.

वहिनी म्हणाल्या, “आपलाच का? मग तर त्याला जास्तच बोललं पाहिजे.”

ते दुसरे पुस्तक आपल्या पेटीत नाही. अध्यक्षबाईंनी मागवायचे कबूल केले आहे. ते आले की दिवाळीच्या सुटीत वाचायचे ठरले आहे. जागा तीच, आमची ओटी. तांदूळ निवडायचे असतील तर ताट घेऊनच या.