एक हजार सोळा मतं

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर जनता थेट निवडते. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मुख्यमंत्री ठरतो तो आमदारांच्या बहुमतावर. म्हणून हैदराबादच्या नल्लकुंट्यातला मतदार राज्याबद्दलचा आपला कौल अंबरपेट मतदारसंघाचा आमदार निवडूनच देतो.

तेलंगणाचे पहिले मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी 6 सप्टेंबर 2018 रोजी मुदतीआधीच विधानसभा बरखास्त करायला लावली आणि त्याच दिवशी 105 उमेदवार जाहीर केले. शेतकऱ्यांना दर हंगामात एकरी चार हजार रुपये देणारी ‘रयतु बंधू’ योजना मे महिन्यातच सुरू झाली होती. विरोधात काँग्रेस, तेलुगू देसम, भाकप आणि प्रा. कोदंडराम यांची तेलंगणा जन समिती एकत्र आली. 7 डिसेंबरला मतदान झालं, 11 तारखेला निकाल लागला. 119 पैकी 88 जागा तेलंगणा राष्ट्र समितीकडे गेल्या. 2014 मध्ये त्या 63 होत्या. 13 डिसेंबरला राज्यपाल नरसिंहन यांनी राव यांना पुन्हा शपथ दिली.

अंबरपेटमध्ये विद्यमान आमदार पडले.

भाजपचे जी. किशन रेड्डी तीन वेळा आमदार झालेले. त्यांना तेलंगणा राष्ट्र समितीच्या कालेरू व्यंकटेश यांनी 1,016 मतांनी हरवलं. शहरातल्या एकेका मतदान केंद्राच्या यादीतही हजाराच्या घरात नावं असतात! त्या निवडणुकीत राज्यात 73 टक्क्यांवर मतदान झालं, हैदराबाद जिल्ह्यात मात्र निम्म्याच्या आसपास. नल्लकुंट्यातल्या फिव्हर हॉस्पिटलच्या आसपासच्या चार गल्ल्या त्या दिवशी घराबाहेर पडल्या असत्या, तर हा निकाल कुठेही झुकू शकला असता. सुशिक्षित वस्त्यांनी याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

काही महिन्यांतच किशन रेड्डी सिकंदराबादमधून लोकसभेवर गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. 2023 मध्ये राव यांचा पक्ष 39 जागांवर आला, सत्ता काँग्रेसकडे गेली; अंबरपेटने मात्र व्यंकटेश यांनाच पुन्हा निवडून दिलं. राज्याचा वारा आणि मतदारसंघाचा कौल इथे 2018 मध्ये एकाच दिशेला होते, 2023 मध्ये मात्र वेगळे राहिले.

नल्लकुंटा, काचीगुडा भागातल्या मराठी कुटुंबांनी मतदार यादीतलं आपलं नाव आजच तपासावं. घर बदललं असेल तर फॉर्म 8 आणि घरात कुणी नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केली असतील तर फॉर्म 6 भरावा.