कर्नाळ्याची सहल : पूर्वतयारी आणि फलश्रुती
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील भाषण)



पनवेलच्या दक्षिणेस, मुंबई–गोवा महामार्गाला लागून, कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली त्याची स्थापना झाली. २००३ साली विस्तार होऊन त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर झाले. शाळांच्या सहली तेथे जातात; परंतु पुष्कळदा मुले गलका करीत वाट चालतात, डबे सोडतात आणि 'पक्षी दिसलेच नाहीत' म्हणून हिरमुसून परततात. दोष मुलांचा नव्हे आणि पक्ष्यांचाही नव्हे. पाहण्याची तयारी शाळेत झालेली नसते, एवढेच.

ही तयारी आठ दिवस आधी सुरू व्हावी. पाच-सहा मुलांचे गट पाडावेत. शाळेच्या आवारातच डोळे मिटून ऐकण्याचा सराव द्यावा. भडक कपडे टाळावेत, आणि उन्हे चढण्यापूर्वी रानात पोहोचावे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी आलेले असतात. तोच काळ सोयीचा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल याच्या नावाची एक वाट तेथे आहे. लहान मुलांना ती पुरेशी होय.

रानात घाईने निष्कर्ष काढू देऊ नयेत. एकाच झाडावरून चार पक्ष्यांचे आवाज येतात, म्हणून मुले वहीत चार नावे लिहू लागतात. थांबून पाहावे, तो भृंगराज एकटाच सर्वांच्या नकला करीत असतो! ऐकलेले पडताळून पाहावे, हा विज्ञानाचा पहिला पाठ तेथे आपोआप मिळतो.

एक धोका मात्र विसरता कामा नये. कर्नाळा किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर आग्यामोहोळे असतात. धूर, दगड किंवा आरडाओरडा यांमुळे माश्या उठल्या, तर प्राणावर बेतू शकते. लहान मुलांना गडावर नेण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा.

याहून नाजूक जबाबदारी निराळीच आहे. ठाकर किंवा कातकरी वाडीवरचे एखादे मूल वर्गात मागच्या ओळीत मुके बसते. रानात तेच मूल सर्वांआधी बोट दाखवून म्हणते, "गुरुजी, कुंभारकुकडा!" पुस्तकात त्या पक्ष्याचे नाव भारद्वाज असे आहे. शिक्षकांनी त्या क्षणी 'चूक' म्हटले, तर ते मूल कदाचित पुन्हा तोंड उघडणार नाही. दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर त्याच मुलाच्या ज्ञानाने सारा वर्ग शहाणा होतो. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी असे कितीतरी शब्द रानात राहणाऱ्या माणसांकडून आदराने घेतले आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. विद्वानाला जे शिकण्यात कमीपणा वाटला नाही, ते शिकण्यात शाळेलाही वाटू नये.

सहलीहून परतल्यावर निबंधाची सक्ती नको. दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या वडापिंपळाखाली मुलांना अर्धा तास बसवावे, आणि मागच्या ओळीतल्या त्या मुलाला पुढे बसवावे. तांबट, हळद्या, कोतवाल तेथेही येतात. ते मुलांना दिसू लागले, म्हणजे कर्नाळ्याची सहल सार्थकी लागली असे समजावे.