लुळ्या हाताला काम द्या



आपले कन्हान कष्टकऱ्यांचे गाव. कोणी कोळशाच्या खाणीत जातो, कोणी शेतात राबतो. हातपाय हीच आपली पुंजी. तो हात, तो पाय एके दिवशी चालेनासा झाला, तर काय करावे? आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

लकव्याचेच घ्या. मेंदूतली रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते. मग एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. असे दिसले की झाडपाला शोधत बसू नका. घड्याळ पाहा आणि रोग्याला तडक मोठ्या दवाखान्यात न्या. नळी तुंबलेली असेल, तर गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन असते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

जीव वाचला, रोगी घरी आला. मग घरची माणसे म्हणतात, "बाबा, तुम्ही हलू नका. आम्ही सगळं करतो." मुलगी घास भरवते. मुलगा सदरा घालून देतो. त्यांची माया खरी आहे. पण त्या मायेने हात आणखी लुळा होतो. न हलवलेले सांधे आखडतात. स्नायू बारीक होतात.

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण त्याचे काम दुसरा भाग शिकू शकतो. तुम्ही अक्षरे कशी शिकलात? पुन्हा पुन्हा गिरवून ना? हातही तसाच शिकतो. पहिले काही महिने तो लवकर शिकतो, म्हणून ते वाया घालवू नका.

हे शिकवणारी जाणती माणसे आहेत. फिजिओथेरपीवाले व्यायाम देतात. उठणे, उभे राहणे, चालणे शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपीवाले जेवण, आंघोळ, कपडे, कामधंदा अशी रोजची कामे पुन्हा करायला शिकवतात. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या सूनबाई. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्येही हे दोन्ही उपचार मिळतात.

आता घरी करायच्या गोष्टी. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घाला. काढताना आधी चांगला हात काढा. असे केले की रोगी स्वतःच कपडे घालू लागतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, म्हणजे मुठीत धरता येतो. लुळा हात धरून रोग्याला ओढू नका, खांदा निखळतो. तो अंथरुणावर पडून असेल, तर दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.

गुडघा दुखत असेल, तर काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरू नका. दुसऱ्या हातात धरा. दुखऱ्या पायावरचा भार कमी होतो. हाड मोडून प्लास्टर घातले असेल, तर बाहेर राहिलेली बोटे हलवत राहा. प्लास्टर निघाल्यावर सांधा आखडलेला असतो. तो जोराने चोळून घेऊ नका, डॉक्टरांना विचारून व्यायाम करा.

व्यायाम शिकवतात दवाखान्यात, पण करावा लागतो घरी, आणि तोही रोज. रोग्याला बटण लावायला वेळ लागेल. लागू द्या. घास सांडेल. सांडू द्या. त्याच्याजवळ बसा, धीर द्या. पण त्याचे काम त्यालाच करू द्या.