दिवा हवा की नको?



आमच्या बचत गटात दर गुरुवारी रात्री वाचन असतं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुस्तकं तालुक्याहून आणावी लागतात, म्हणून गटाच्या पैशातून एक ई-रीडर घ्यायचं ठरलं. ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्याचं, लहान पाटीएवढं यंत्र. त्यात शेकडो पुस्तकं मावतात.

दुकानात दोन प्रकार दिसले. एक साधं, बटणं दाबून पान उलटायचं. दुसरं बोट लावून चालणारं, आतून दिवा असलेलं, पण महाग. काकू म्हणाल्या, "दिव्यासाठी कशाला जास्त पैसे? घरात बल्ब आहे की!" आम्हालाही पटलं. पैसा सगळ्यांच्या घामाचा.

मग शाळेतल्या बाईंचं साधं यंत्र एका रात्रीपुरतं मागून आणलं. उजेडात अक्षरं कागदावर छापल्यासारखी दिसली. तेवढ्यात वीज गेली. पडदा काळोखात गडप! एकीने बॅटरी धरली, दुसरी वाचू लागली. वाचायची पाळी काकूंची आली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला आज नको." त्यांना अक्षर दिसतच नव्हतं.

तेव्हा आम्हाला उमगलं. साध्या पडद्याला पुस्तकासारखाच बाहेरचा उजेड लागतो. दिव्याच्या यंत्रात कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड पडद्यावर पसरतो, मोबाईलसारखा थेट डोळ्यांत येत नाही. दिवा लावला की चार्जिंग लवकर संपतं, म्हणून तो मंद ठेवावा. तरीही एकदा चार्ज केलं की बरेच दिवस चालतं.

अक्षर मोठं करण्यासाठी मात्र जादा पैसे मोजू नका, ते दोन्हींत होतं. फक्त पुस्तक पीडीएफ असेल तर लहान पडद्यावर अक्षर बारीकच राहतं. ईपब प्रकारचं पुस्तक मिळतं का, ते पाहा. आणि घेण्याआधी एखादं मराठी पान उघडून जोडाक्षरं नीट उमटतात का, तेही तपासा.

दिवसा, अंगणात बसून वाचणाऱ्यांना साधं यंत्र पुरेल. आपल्याला वेळ मिळतो तो भांडी घासून झाल्यावर. म्हणून आम्ही दिव्याचं घेतलं. उरलेले पैसे दोन महिने थोडे थोडे जमवून भरले. पहिल्या गुरुवारी वाचायला काकूंनाच बसवलं.

तुमच्या गटात वाचायला कधी बसता, ते आधी विचारा. मग यंत्र निवडा.